करार झाला, काम अडलं: परदेशी संस्थेबरोबरच्या शेती-संशोधनाची सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या संस्थेने परदेशातल्या एका कृषी संशोधन संस्थेबरोबर शाश्वत शेतीच्या संशोधनासाठी सामंजस्य करार केला. त्याला वर्ष उलटून गेलं. दोन्हीकडच्या वरिष्ठांच्या भेटी झाल्या, पण शेतात काहीच पेरलं गेलं नाही. आता संयुक्त प्रस्ताव लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारता. आणि यातून आपल्या हाती काही लागेल, की आपण नुसते नमुने आणि आकडे पुरवणारे ठरू, ही शंकाही तुम्हाला आहे.

शंका रास्त आहे. तिच्याकडे शेवटी येतो, कारण सुरुवात नीट झाली तर ती बरीचशी आपोआप मिटते.

मी मृदाशास्त्र आणि पीक पद्धतींवर काम करतो, आणि वेगवेगळ्या देशांत एकाच वेळी चालणाऱ्या चाचण्यांच्या समन्वयाचं काम बरीच वर्षं केलं आहे. माझ्या मते तुमचं घोडं करारात अडलेलं नाही. करारात 'परस्पर हिताच्या क्षेत्रांत सहकार्य' अशा छापाचं वाक्य असतं. ते मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं, कारण ढिल्या वाक्यावर सही करायला कोणाचीच हरकत नसते. अडचण वेगळी आहे: एकाच देशात बसून ज्याचं उत्तर मिळणार नाही असा प्रश्न दोन्ही संस्थांनी मिळून अजून ठरवलेलाच नाही. तो ठरत नाही तोवर कितीही बैठका घ्या, कागदी घोडेच नाचतील.

म्हणून प्रस्तावाचं पहिलं पान लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हाच प्रयोग आम्ही एकट्याने, आमच्याच प्रक्षेत्रावर केला तर काय बिघडेल? उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर तो एकट्यानेच करा, पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील. आच्छादनाने ओल टिकते का, हे पाहायला कोणाशी करार करावा लागत नाही. शेतकरी ठिबक का वापरत नाहीत हा प्रश्नही बहुतेक वेळा घरचाच असतो आणि त्याचं उत्तर परदेशातल्या प्रयोगशाळेत नसतं.

मग कोणत्या प्रश्नांना दुसरा देश खरंच लागतो? कसाव्याचं, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाचं, उदाहरण घ्या. या क्षेत्रातलं ते सगळ्यात बोलकं उदाहरण आहे आणि त्यातले बारकावे फारसे सांगितले जात नाहीत. १९७० च्या दशकात कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण दक्षिण अमेरिकेतून चुकून आफ्रिकेत पोचला. तिथे त्याला नैसर्गिक शत्रू नव्हता, त्यामुळे तो झपाट्याने पसरला आणि कोट्यवधी लोकांचं मुख्य अन्न धोक्यात आलं. फवारणी परवडणारी नव्हती. उपाय असलाच तर किडीच्या मूळ घरी होता. नायजेरियातल्या 'आयआयटीए' या संस्थेने लॅटिन अमेरिकेत शोध सुरू केला, तेव्हा आधी सापडला तो दिसायला तसाच, पण वेगळ्या जातीचा ढेकूण. त्याच्यावरचे परोपजीवी आफ्रिकेतल्या किडीवर वाढेनात. खरी जात १९८१ साली पॅराग्वेत सापडली, तीही कोलंबियातल्या 'सियाट' या दुसऱ्या संस्थेच्या कीटकशास्त्रज्ञामुळे. तिच्यावर जगणारी एक बारीकशी परोपजीवी गांधीलमाशी मिळाली. ती थेट आफ्रिकेत नेली नाही. आधी ब्रिटनमध्ये विलगीकरणात ठेवून तपासली. जिथे कसावा पिकतच नाही अशा देशात तपासणी केली, म्हणजे एखादा जीव निसटला तरी पिकाला धोका नाही. त्यानंतर नायजेरियात सोडली आणि पुढे कसावा पिकवणाऱ्या बहुतेक आफ्रिकी देशांत ती स्थिरावली. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

या कामात प्रत्येक देशाची गरज वेगळ्या कारणाने होती. एकाकडे संकट होतं, दुसऱ्याकडे किडीचा शत्रू, तिसऱ्याकडे सुरक्षित तपासणीची जागा. कोणालाही वगळलं असतं तर काम अडलं असतं. तुमच्या प्रस्तावातल्या प्रत्येक भागीदारासमोर असं एक वाक्य लिहिता आलं पाहिजे. 'तांत्रिक सहकार्य' हे त्या वाक्याचं उत्तर नाही.

कधी दुसऱ्या देशाची गरज उलट कारणाने लागते. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याची 'यूजी ९९' ही प्रजाती १९९८-९९ मध्ये युगांडात ओळखली गेली. ती आपल्या वाणांवर किती चालते हे अनेक देशांना तपासायचं होतं, पण त्यासाठी तो रोग स्वतःच्या देशात आणणं म्हणजे आगीशी खेळ. म्हणून केनियातल्या न्योरो इथे, जिथे तो रोग शेतात आधीच होता, जगभरातले वाण पाठवून पेरले गेले. धोका आपल्या दारात येण्याआधी आपलं बियाणं त्याच्या दारात नेऊन तपासायचं, असा तो हिशेब.

आणि कधी जमिनी-हवामानातला फरक हाच प्रयोग असतो. विना-नांगरणीचं पाहा. २०१५ साली सहाशेहून जास्त अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. त्यात दिसलं की नुसती नांगरणी बंद केली तर सरासरी उत्पादन घटतं. पिकाचे अवशेष शेतात ठेवले आणि फेरपालट केली तर घट कमी होते, आणि कोरड्या हवामानातल्या कोरडवाहू शेतीत उत्पादन उलट वाढू शकतं. एका केंद्रावर कितीही वर्षं प्रयोग केला असता तरी हा निष्कर्ष निघाला नसता. तुमच्या केंद्राचं उत्तर 'चालतं' किंवा 'चालत नाही' असं एकच आलं असतं, आणि ते तुम्ही सगळीकडे लावलं असतं.

भागीदार निवडतानाही हेच लक्षात ठेवा. मोठं नाव, मोठी इमारत यापेक्षा जमीन आणि पाऊस जुळतात का ते पाहा. खोल, काळ्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनी इथिओपियात आहेत, सुदानमध्ये आहेत, भारतात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. अशा जमिनीवर काम करणाऱ्याला निचऱ्याचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. समशीतोष्ण हवामानातल्या नामांकित प्रयोगशाळेकडे उपकरणं असतील, पण तिच्या शिफारशी तुमच्या शेतावर लागू होतीलच असं नाही. दोन्ही प्रकारचे भागीदार उपयोगी पडतात, फक्त कोणाकडून काय घ्यायचं ते आधी ठरलेलं असावं.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. 'शाश्वत' म्हणजे काय, यावर दोन्ही बाजूंचं एकमत गृहीत धरू नका. नत्राचंच घ्या. पिकातून बाहेर गेलेलं नत्र भागिले शेतात टाकलेलं नत्र, हे गुणोत्तर ५० टक्क्यांच्या खाली असेल तर बरंच नत्र पाण्यात आणि हवेत वाया जातंय, आणि ९० टक्क्यांच्या वर असेल तर पीक जमिनीतलाच साठा उपसतंय, असा ढोबळ अंदाज युरोपातल्या नत्र तज्ज्ञांच्या गटाने मांडला आहे. पश्चिम युरोपातल्या संस्थेचा प्रश्न बहुधा नत्र कमी कसं टाकायचं हा असतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच भागात नत्र इतकं कमी पडतं की जमीन दरवर्षी कंगाल होते, तिथे ते वाढवणं हीच शाश्वतता. दोघांनी प्रस्तावात 'नत्राचा कार्यक्षम वापर' लिहिलं आणि सह्या केल्या, तर दुसऱ्या वर्षी एकाचं यश दुसऱ्याला अपयश वाटेल. हे बोलणं पहिल्याच बैठकीत होऊ द्या, मग कितीही अवघड वाटो.

आता मोजमापाकडे येतो. संयुक्त प्रकल्प इथेच सगळ्यात जास्त फसतात असं माझं मत आहे, आणि प्रस्ताव लिहिणारे या भागाला चार ओळींत गुंडाळतात.

समजा तुम्ही दोघांनी ठरवलं की सेंद्रिय कर्ब मोजायचा. तुमची प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅक पद्धत वापरते, त्यांची प्रयोगशाळा नमुना जाळून कर्ब मोजणारं यंत्र वापरते. वॉकली-ब्लॅकमध्ये डायक्रोमेट या रसायनाने सगळा कर्ब ऑक्सिडाइझ होत नाही. साधारण ७७ टक्के होतो असं धरून उत्तराला १.३ ने गुणायची प्रथा आहे. काही प्रयोगशाळा गुणतात, काही गुणत नाहीत, आणि अहवालात ते लिहिलेलं नसतं. म्हणजे तीच माती एका अहवालात ०.६२ टक्के, दुसऱ्यात ०.८१. शिवाय ७७ हा आकडा सगळ्या जमिनींना सारखा लागू होत नाही. तिकडे जाळणारं यंत्र चुनखडीयुक्त जमिनीत चुन्यातला कर्बही मोजतं. तो आधी आम्लाने काढला नाही किंवा वेगळा मोजून वजा केला नाही, तर सेंद्रिय कर्ब उगाच फुगून दिसतो. कोणीच चुकीचं काम केलेलं नसतं, तरी दोन तक्ते शेजारी ठेवता येत नाहीत.

स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, असंच. ऑल्सेन पद्धत अल्कधर्मी आणि चुनखडीच्या जमिनीला बरी, ब्रे पद्धत आम्लधर्मी जमिनीला. एकाच मातीचे दोन्हींचे आकडे वेगळे येतात आणि त्यांत कायमचं, सगळीकडे लागू पडणारं रूपांतर नाही.

एवढ्यावर भागत नाही. कर्बाचा साठा काढताना टक्केवारीला मातीच्या घनतेने, म्हणजे बल्क डेन्सिटीने, आणि खोलीने गुणतात. ०.८ टक्के कर्ब, १.२५ घनता आणि २० सेंटिमीटर खोली धरली तर हेक्टरी २० टन. आता विना-नांगरणीच्या प्लॉटमध्ये वरचा थर दबून घनता १.४० झाली, कर्बाची टक्केवारी तीच राहिली, तर हिशेब येतो हेक्टरी २२.४ टन. कर्बाचा एक कणही वाढला नाही आणि कागदावर २.४ टनांची भर पडली! कारण त्याच २० सेंटिमीटरमध्ये आता जास्त माती मावते. यावर उपाय आहे: ठरावीक खोलीऐवजी मातीच्या समान वजनाच्या आधारे तुलना करायची. पण त्यासाठी नमुने थोडे जास्त खोल आणि थरांथरांनी घ्यावे लागतात आणि प्रत्येक थराची घनता मोजावी लागते. हे पहिल्या दिवशी ठरलं नाही, तर शेवटी दुरुस्त करता येत नाही, कारण प्रकल्पाच्या सुरुवातीची माती परत मिळत नाही.

आता यात वेळेचा हिशेब मिसळा. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत 'हजारी चार' हा उपक्रम मांडला गेला. जमिनीतला कर्ब दरवर्षी ०.४ टक्क्याने वाढवावा असं त्याचं महत्त्वाकांक्षी उद्दिष्ट आहे. वरच्या २० टनांवर ते वर्षाला ८० किलो होतं, तीन वर्षांत हेक्टरी पाव टनाच्या आसपास. म्हणजे टक्केवारी ०.८० वरून ०.८१. एकाच प्लॉटमधून दोन हातांच्या अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत याहून जास्त फरक असतो. आणि घनतेच्या घोळाने आलेली खोटी भर या खऱ्या वाढीच्या दसपट! म्हणून तीन वर्षांच्या प्रकल्पात 'सेंद्रिय कर्बात वाढ' हे फलित लिहू नका. निधी देणाऱ्याला ते आवडेल, पण तुम्हाला ते सिद्ध करता येणार नाही. तीन वर्षांत पावसाचं पाणी मुरण्याचा वेग दिसू शकतो, गांडुळांची संख्या, मातीच्या कणांची स्थिरता, इंधन आणि मजुरीतली बचत, उत्पादनातला चढउतार हे दिसू शकतं. तेवढंच लिहा.

कर्बाचाच प्रश्न धरायचा असेल तर आधीपासून चालू असलेल्या दीर्घकालीन चाचण्यांवर प्रकल्प उभा करा. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचा ब्रॉडबॉक प्रयोग १८४३ पासून चालू आहे. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथला, सेंद्रिय, बायोडायनॅमिक आणि पारंपरिक रासायनिक शेतीची तुलना करणारा 'डॉक' प्रयोग १९७८ पासून. तिथल्या 'फिबल' या संस्थेने पुढे २००७ च्या सुमारास केनिया, भारत आणि बोलिव्हियात स्थानिक भागीदारांबरोबर अशाच दीर्घकालीन तुलना सुरू केल्या. तुमच्या संस्थेतही एखादा पंधरा-वीस वर्षांचा खत प्रयोग नक्की चालू असेल, कोपऱ्यात, दुर्लक्षित. बहुतेक संस्थांत असतो. परदेशी भागीदाराच्या दृष्टीने ती तुमची सगळ्यात मोठी मालमत्ता आहे, आणि गंमत म्हणजे करारात तिचा उल्लेखही नसतो. जुने नमुने बाटल्यांत जपून ठेवलेले असतील तर सोन्याहून पिवळं.

पद्धतींचा मेळ घालण्यासाठी चाक नव्याने शोधायची गरज नाही. अन्न आणि कृषी संघटनेच्या छत्राखाली २०१७ पासून माती प्रयोगशाळांचं 'ग्लोसोलान' हे जागतिक जाळं काम करतंय, त्यांच्या प्रमाणित कार्यपद्धती सर्वांना खुल्या आहेत. शेतीतल्या हरितगृह वायूंसाठी २००९ मध्ये घोषित झालेल्या 'ग्लोबल रिसर्च अलायन्स'ने चेंबर पद्धतीने, म्हणजे जमिनीवर बंद डबा ठेवून, नायट्रस ऑक्साइड मोजण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या उचला, दोघांच्या सोयीने पानभर टिपण करा आणि ते करारालाच जोडा.

पण कागदावर पद्धत एक झाली म्हणजे आकडे जुळले असं नाही. मी प्रत्येक नव्या भागीदारीत पहिल्यांदा एकच गोष्ट करून घेतो. तीन-चार प्रकारची माती वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळून, नीट मिसळून, एकसारख्या पिशव्यांत भरायची. पिशवीवर फक्त सांकेतिक क्रमांक. त्यातली एक माती दोन वेगळ्या क्रमांकांनी घालायची, कोणाला न सांगता. दोन्ही प्रयोगशाळांनी तपासायची आणि निकाल एकाच दिवशी उघडायचे. प्रयोगशाळेला स्वतःचीच माती ओळखता येत नसेल, म्हणजे जुळ्या पिशव्यांचे आकडे लांब असतील, तर भागीदाराशी तुलना करण्यात अर्थच नाही, आधी घर सावरायला हवं. या सगळ्याला फारसा खर्च नाही. मात्र माणसं कळतात. निकाल वेगळे आल्यावर समोरचा 'तुमची प्रयोगशाळा चुकली' म्हणतो, की 'चला, तपासणीच्या रसायनांपासून पाहू' म्हणतो, हे पाहिलं की पुढची वर्षं कशी जातील याचा अंदाज येतो.

माती परदेशी पाठवण्यावर अनेक देशांत कडक बंधनं आहेत आणि ती योग्यच आहेत, कारण मातीतून सूत्रकृमी आणि रोगजंतू प्रवास करतात. त्यामुळे ही अदलाबदल आयात परवाना काढून आणि सांगितलेली निर्जंतुक प्रक्रिया करूनच करावी लागते. परवाना मिळतच नसेल तर त्यांचा तंत्रज्ञ तुमच्याकडे बोलवा, किंवा दोघांनी आपापल्या देशात मिळणारी प्रमाणित संदर्भ माती घेऊन तपासा.

चाचणीच्या आराखड्याबद्दल फार लांबण लावत नाही. सगळ्या ठिकाणी सारख्या असतील अशा दोन-तीन उपचारपद्धती ठेवा आणि बाकीच्या प्रत्येक ठिकाणाने आपल्या गरजेनुसार निवडाव्यात. 'शेतकऱ्याची नेहमीची पद्धत' हा नियंत्रण प्लॉट प्रत्येक देशात वेगळा असणार हे लक्षात ठेवा. म्हणून तो ठेवाच, शिवाय सगळीकडे तंतोतंत सारखा असा एक जादा नियंत्रण प्लॉटही ठेवा. शेतकऱ्यांच्या शेतावर जायचं असेल तर १९९० च्या दशकात मलावीत रुजलेली 'मदर-बेबी' चाचण्यांची रीत चांगली आहे: केंद्रावर सगळ्या उपचारांची पुनरावृत्तीसह मुख्य चाचणी, आणि शेतकऱ्यांच्या शेतावर त्यातले दोन-तीन उपचार, शेतकऱ्यांनीच निवडलेले आणि सांभाळलेले. रोजचं कमाल-किमान तापमान, पाऊस, सौरप्रारण, पेरणीची आणि फुलोऱ्याची तारीख, मातीचे थर यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. या नोंदी असल्या तर पुढे पीक-प्रतिमानांत, म्हणजे पिकाची वाढ संगणकावर मांडणाऱ्या मॉडेल्समध्ये, तुमचे आकडे वापरता येतात. नसल्या तर उत्पादनाचा आकडा नुसताच पडून राहतो.

एक गोष्ट आराखड्यात आधी धरता येत नाही, तिच्यासाठी जागा मात्र ठेवावी. केनियातल्या 'इसीपे' या कीटक संशोधन संस्थेने आणि इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडने मक्यातल्या खोडकिडीसाठी 'पुश-पुल' पद्धत उभी केली: मक्यात डेस्मोडियम, ज्याच्या वासाने कीड दूर जाते, आणि कडेने नेपियर गवत, जे तिला ओढून घेतं. शेतात पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की डेस्मोडियम जिथे आहे तिथे टारफुला हे पिकाच्या मुळांवर जगणारं तणही उगवेना. मग त्याच्या मुळांतून स्रवणाऱ्या रसायनांचा माग प्रयोगशाळेत काढला गेला. शेतात नजर असलेला माणूस आणि रसायन ओळखणारं यंत्र यांची गाठ पडली म्हणून हे हाती आलं. टारफुला मोजायचा मूळ आराखड्यात नव्हताच. तरी ही पद्धत सगळीकडे चालेल असं नाही. जनावरं नाहीत तिथे डेस्मोडियम आणि नेपियरचा चारा खपवायचा कुठे? बियाणं मिळतं का? तेच आच्छादनाचं. जिथे कडबा जनावरांच्या दावणीला जातो, तिथे 'अवशेष शेतात ठेवा' हा सल्ला शेतकऱ्याने का ऐकावा, याचं उत्तर संशोधकाकडे हवं.

कायद्याच्या कागदांना वेळ लागतो, म्हणून ते काम आजच सुरू करा. बियाण्याची देवघेव करायची असेल तर पीक कोणतं, यावर सगळं अवलंबून आहे. २००१ साली मंजूर झालेल्या आणि २००४ पासून लागू असलेल्या वनस्पती जनुकीय संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गहू, भात, मका, ज्वारी, हरभरा, तूर अशी ६४ पिकं आहेत. त्यांची देवघेव एका ठरलेल्या प्रमाणित करारपत्रावर, एसएमटीएवर होते. सोयाबीन, भुईमूग, ऊस, टोमॅटो त्या यादीत नाहीत. बियाणं सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन जाळ्यातल्या केंद्रांच्या जनुकपेढीतलं असेल तर यादीबाहेरच्या पिकांनाही तेच करारपत्र चालतं, नाहीतर त्या त्या देशाशी वेगळ्या वाटाघाटी. मातीतले जिवाणू, बुरशी, मित्रकीटक यांना २०१४ पासून लागू असलेला नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो: मूळ देशाची पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या ठरलेल्या अटी. नमुना हललाच नाही, फक्त त्याचा जनुकक्रम संगणकावरून गेला, तर? यावर बरीच वर्षं वाद चालला. २०२२ च्या जैवविविधता परिषदेत त्याचंही लाभवाटप व्हावं असं तत्त्वतः ठरलं, तपशील अजून आकार घेताहेत. तुमच्या देशाच्या जैवविविधता प्राधिकरणाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

आता तुमची मूळ शंका. आपण नुसते नमुने पुरवणारे ठरू का? आकड्यांचं विश्लेषण कोण करणार हे ठरलं नसेल तर नक्की ठराल. नमुने इथून जातात, निकाल तिकडे बसून काढले जातात, शोधनिबंध येतो तेव्हा तुमचं नाव मधल्या ओळीत, आणि कोणी वाईट हेतूने वागलेलंही नसतं. इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. पहिल्या पेरणीआधी एक पान लिहा: कोणता निबंध कोण लिहिणार, पहिलं नाव कोणाचं, कच्चे आकडे कुठे राहणार, दोन्हीकडे प्रत असणार का, किती महिन्यांनी ते सर्वांना खुले करायचे. विश्लेषणाचा निदान एक पूर्ण भाग तुमच्या संस्थेतल्या विद्यार्थ्याच्या नावावर हवा. त्याला ते सॉफ्टवेअर येत नसेल तर प्रकल्पाच्या पैशातून शिकवा. माझ्या मते प्रवासखर्चाचा मोठा वाटा वरिष्ठांऐवजी तंत्रज्ञांना द्यावा. दोन देशांचे तंत्रज्ञ एका शेतात एकत्र उभे राहून ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने, नमुने घेतात, तेव्हा पन्नास पानी कार्यपद्धतीत न सापडणारे फरक अर्ध्या दिवसात सापडतात.

आकडे खुले करायला घाबरू नका, फक्त ते तुमच्या हाताने खुले होऊ द्या. २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर ब्लास्ट हा बुरशीजन्य रोग पहिल्यांदा आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर रोगट नमुन्यांचे जनुकीय आकडे तातडीने सर्वांसाठी मोकळे केले. त्यावरून तो रोग १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये सापडलेल्या दक्षिण अमेरिकी वंशाचा असल्याचं लवकरच कळलं. आकडे दडवून ठेवले असते तर एखादा हंगाम त्यातच गेला असता.

पैशाबद्दल एकच सांगतो. पेरणी निधीची वाट पाहत नाही. दोन देशांची आर्थिक वर्षं वेगळी, गोलार्ध वेगळे असतील तर हंगाम उलटे, आणि पहिला हप्ता पेरणीनंतर आला तर तीन वर्षांच्या प्रकल्पातलं एक वर्ष गेलंच. पहिल्या हंगामाचं बियाणं, मजुरी आणि सुरुवातीचे मातीचे नमुने स्वतःच्या संस्थेच्या पैशातून करता येतील का, हे आत्ताच विचारून ठेवा.

तेव्हा समोरच्या संस्थेला आता नवा मसुदा करार पाठवू नका. एक छोटं पत्र पाठवा. त्यात दोन ओळींत प्रश्न, तुमच्या जुन्या चालू प्रयोगाचं वर्णन आणि त्याचे किती वर्षांचे आकडे आहेत ते, सेंद्रिय कर्ब मोजायची तुमची कार्यपद्धती, त्यांची मागणारी एक ओळ, आणि सांकेतिक पिशव्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव. उत्तरात कार्यपद्धती आली तर कामाला लागा. उत्तरात शिष्टमंडळाच्या भेटीची तारीख आली, तर त्यांच्या अलीकडच्या शोधनिबंधांतून प्रत्यक्ष शेतावर काम करणारा एखादा तरुण संशोधक शोधा आणि तेच पत्र त्याला थेट लिहा, प्रत दोन्ही संचालकांना.